तमाशाच्या फडातल्या पोरांचे लॉकडाऊनमधले फोटो प्रदर्शनात लावू का?

शटर_जुन्नर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, मधे तोडलं तर कळणार नाही म्हणून सगळंच सांगतो.

मी नारायणगावजवळचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पाडवा आला की आमच्याकडे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवून जातात, कोणत्या गावाला कोणता फड, किती पैशात, सगळं तिथेच. चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर फडाचं वर्ष निघतं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. राहुट्या लागल्याच नाहीत. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला, आणि १४ च्या रात्री आठपासून राज्यात परत कडक निर्बंध. लागोपाठ दोन हंगाम गेले आणि दोन्ही वेळा अगदी पाडव्याच्या तोंडावर.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलेलो, हातात सेकंडहँड डीएसएलआर आणि एक ५० एमएम लेन्स. गावाबाहेर एका फडाच्या गाड्या उभ्या होत्या. चाकांखाली दगड, आणि गवत एवढं वाढलेलं की ट्रकवर रंगवलेल्या फडाच्या नावाची खालची ओळ दिसत नव्हती. दिवाळीनंतर तिकडे जायला लागलो. पहिला महिना तर कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही, नुसता चहा आणि गप्पा. तिथे राहिलेली बहुतेक पोरं १९ ते २५ ची होती, बाकीचे आपापल्या गावी गेलेले. एक सोंगाड्या, तो कांदा निवडायला जायचा. दोन नाचणाऱ्या पोरी, गवळणीत मावशीचं काम करणारा एक पोरगा आणि एक ढोलकीवाला.

ढोलकीवाल्याचं मला फार वाटायचं. रोज संध्याकाळी गोधडीत गुंडाळलेली ढोलकी काढायचा, दोरीतल्या कड्या ओढून सूर जुळवायचा, कान लावून दोन थापा मारायचा, परत एक कडी ओढायचा आणि गुंडाळून ठेवून द्यायचा. वाजवायचा नाही. मी विचारलं तर म्हणला वाजवायला लागलो की थांबवत नाही आणि शेजारच्या एका घरातलं कोणीतरी ॲडमिट आहे. त्याच्या हातांचेच माझ्याकडे शंभरेक फोटो असतील.

असं करत एप्रिल २०२२ पर्यंत चार हजारांच्या आसपास फ्रेम झाल्या. २ एप्रिलला पाडव्याला निर्बंध उठले, मग त्यांचा यात्रेतला पहिला खेळ पण मी काढलाय.

आता अडचण. पुण्यातल्या एका ग्रुपने 'महामारीतले कलाकार' अशा विषयावर प्रदर्शन ठरवलंय आणि माझे वीस फोटो निवडलेत. वीसच्या वीस रडारडीचे. कांद्याच्या ढिगात बसलेला सोंगाड्या, ट्रकखाली झोपलेलं कोणीतरी, पत्र्याच्या पेटीवर डोकं ठेवून बसलेली पोरगी. तालमीचा एकही नाही. पोरी शेडमध्ये मोबाईलवर गाणं लावून गवळण बसवायच्या ते नाही, ढोलकीचे हात नाहीत. विचारलं तर म्हणाले त्यात परिस्थिती दिसत नाही.

दुसरं म्हणजे त्या पेटीवर बसलेल्या पोरीचं आता लग्न झालंय, ती फडात नाही, सासरी किती माहिती आहे मला ठाऊक नाही. तेव्हा तिने हो म्हणलं होतं, पण ते तेव्हाचं. उलट मावशीवाला पोरगा म्हणतोय माझा फोटो सगळ्यात मोठा लाव.

काय करू? आणि एक टेक्निकल पण आहे, पहिल्या खेळाच्या बऱ्याच फोटोंवर आडवे काळे पट्टे आलेत आणि लाल लाइटमधले चेहरे सपाट दिसतात, ते वाचतील का?

जुनाफिल्मवाला

पहिल्यांदा एक सांगतो, महिनाभर कॅमेरा न काढता जात राहिलास ना, ते फार कमी लोक करतात. तिथेच अर्धं काम झालंय.

आता परवानगीचं. माझ्या मते परवानगी एकदा घेतली की संपली असं नसतं. फोटो काढायची वेगळी, छापायची वेगळी, भिंतीवर चार फुटी लावायची वेगळी. आणि अडचणीत असलेला माणूस हो म्हणतो तेव्हा तो नक्की कशाला हो म्हणतोय हे त्याला पण माहीत नसतं. १९३६ मध्ये डोरोथिया लँजने कॅलिफोर्नियात निपोमोला मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, मुलं खांद्यावर तोंड लपवून उभी आहेत तो, तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. अमेरिकेतल्या मंदीचा चेहराच झाला तो. पण त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे हे लोकांना कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा ती नाराजच होती, त्या फोटोतून तिला एक पैसा मिळाला नव्हता आणि आयुष्यभर ती त्या एका दुपारचीच राहिली. फोटो चांगला आहे यात वादच नाही. पण तिच्याकडे परत कोणी गेलं नाही.

माझ्याकडून पण झालंय हे. वीसेक वर्षांपूर्वी एका कलावंतीण बाईंचा फोटो काढला होता, दुपारी कनातीत, म्हणजे कापडी आडोशात, भाकरी करताना. एका पेपरने तो उचलला आणि खाली स्वतःच्या मनाने ओळ टाकली, 'उपासमारीची वेळ'. बाईंच्या हातात भाकरी आहे आणि खाली उपासमार! पुढच्या वर्षी त्याच यात्रेत भेटल्या, ओळख दाखवली नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी नाही. अजून लागतं ते मनाला.

म्हणून माझं ऐक. प्रदर्शनवाल्यांना आत्ता काहीच कळवू नकोस. चांगले साठेक फोटो निवड, साधे चार बाय सहाचे प्रिंट काढ, दहा-बारा रुपयाला एक पडेल, आणि ते घेऊन पोरांकडे जा. मोबाईलवर दाखवू नकोस, मोबाईलवर माणूस बोटाने सरकवत जातो, हातात प्रिंट आला की थांबतो. मालीतल्या बामाकोमध्ये मालिक सिदिबे नावाचा फोटोग्राफर होता, साठच्या दशकात तिथल्या तरुण पोरापोरींच्या नाचाच्या पार्ट्या काढायचा. रात्री स्टुडिओत परत येऊन रोल धुवायचा, छोटे छोटे प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि ते पुठ्ठे लोकांना बघायला ठेवायचा, मग पोरं येऊन आपापले फोटो शोधून ऑर्डर द्यायची. पुढे त्याला व्हेनिसला गोल्डन लायन मिळालं ते २००७ मध्ये, पण त्या फोटोंचा पहिला प्रेक्षक म्हणजे फोटोतलीच पोरं. कोणता फोटो खरा आणि कोणता नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं.

आपल्याकडे संदेश भंडारे यांनी वर्षानुवर्षं फडांबरोबर फिरून तमाशाचं काम केलंय ते नीट बघ. बोर्डावरचं म्हणजे स्टेजवरचं, रंगपटातलं, प्रवासातलं, सगळं आहे त्यात, कष्ट पण आहेत, पण माणूस कुठेही बिचारा होत नाही.

लाइटमन_९

टेक्निकल भागाचं सांगतो. पट्टे आलेत ते स्टेजवरच्या एलईडी पार लाइटमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा लाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, डोळ्याला दिसत नाही पण शटर १/५०० वगैरे ठेवलं की पकडला जातो. पुढच्या वेळी १/१०० किंवा १/५० वर ये. स्वस्तातल्या डिमरवाल्या एलईडींचं चक्र वेगळंच असतं, तिथे खेळाच्या आधी चार-पाच स्पीडवर ट्राय मारून बघायचं. मिररलेस कॅमेरा घेतलास कधी तर सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर तंबूत अजिबात वापरू नको, पट्टे वाढतात.

लाल लाइटमध्ये लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, जास्त उजेडाने पूर्ण उडालेला असतो, म्हणून चेहरा सपाट. रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल) असेल तर कृष्णधवल कर आणि हिरव्या चॅनलवरून कर, त्यात नाक-डोळे शाबूत असतात, दाणे येतील थोडे, येऊ देत. काढताना आरजीबी हिस्टोग्राम (लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा उजेडाचा आलेख) बघत जा, एकूण एक्सपोजर बरोबर दिसतं आणि लाल गेलेला असतो.

आणि चार हजार फ्रेम एकाच हार्ड डिस्कवर असतील तर आज, आत्ता, दुसरी कॉपी कर आणि ती दुसऱ्या घरात ठेव.

ढोलकीवाल्याची_लेक

दादा, मी सहसा लिहीत नाही इथे, वाचते फक्त. पण तुमचं ढोलकीचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील फडात ढोलकी वाजवायचे. मी आता चाकणला कंपनीत आहे. दसऱ्याला फड बाहेर पडला की ते वैशाखातच परत यायचे, मी आजीजवळ वाढले. दसऱ्याच्या आधी मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची, हे असंच असतं सगळ्यांचं, आणि मालकाने पण कोणाकडून तरी व्याजाने आणलेले असतात. त्यामुळे २०२० ला नुसता पगार बंद झाला असं नाही, उचल डोक्यावर राहिली आणि ती फेडायचा रस्ताच बंद झाला. सरकारने नंतर ५,००० रुपये जाहीर केले एकदाच, त्याचे कागद कुठे होते आमच्याकडे. दुसऱ्या लाटेत, २५ मे २०२१ ला, तमाशातल्या थोर कलावंत कांताबाई सातारकर गेल्या कोरोनानेच. त्या दिवशी माझे वडील जेवले नाहीत. एवढं मोठं माणूस गेलं आणि एकाही बोर्डावर त्यांच्यासाठी गण म्हणायची सोय नव्हती.

आता फोटोचं. तुम्ही लोक एक गोष्ट धरत नाही. आमची माणसं फोटोला घाबरत नाहीत, हजार-दोन हजार लोकांपुढे उभं राहणारी माणसं आहेत ती. पण तोंडाला रंग लागायच्या आधीचं तोंड त्यांचं स्वतःचं असतं, ते ती कोणाला दाखवत नाहीत. माझी आत्या कनातीतून पाणी आणायला जायची तरी पदर पुढे ओढून जायची, आणि रात्री तीच बोर्डावर सगळ्यांच्या डोळ्याला डोळा लावायची. तिला विचारलं तर म्हणायची, तिकीट बोर्डावरचं आहे, इथलं नाही.

तर पेटीवर डोकं ठेवलेली जी पोरगी आहे तो फोटो तिच्या बिनरंगाच्या तोंडाचा आहे. तो तिचा आहे. तुमचा नाही आणि त्या ग्रुपचा तर नाहीच. सासरचं तर सोडाच, पण आमच्या पोरींना फडाचं नाव लागलं की काय काय ऐकावं लागतं आणि नावाबरोबर जातही लोक आपोआप वाचतात, हे तुम्हाला नारायणगावचे असून माहीत असेलच. शाळेत माझ्या वडिलांचा पेपरात आलेला फोटो एका पोराने वर्गात आणला होता. त्यात ते बोर्डावर होते, फेटा बांधून, इतका चांगला फोटो, तरी मला दोन दिवस शाळेत जावंसं वाटलं नाही. आज तोच फोटो माझ्या घरात फ्रेम करून लावलाय.

म्हणजे दाखवू नका असं म्हणत नाही मी. त्या दोन वर्षांतला वडिलांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एकही नाही. ते २०२२ ला परत बोर्डावर गेले नाहीत, हात राहिले नव्हते. तुमच्या त्या ढोलकीवाल्याच्या घरच्यांना ते हातांचे फोटो मिळालेत का? नसतील मिळाले तर आधी ते द्या, मग बाकीचं बघू.

एकांकिकावेडा

ताई, तुमचं म्हणणं पटलं आणि वाचून गलबलून आलं, तरी एका मुद्द्यावर थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

मी पुण्याच्या कॉलेजातल्या नाटकवाल्यांपैकी. आमची बॅच २०२० ला शेवटच्या वर्षाला होती. भरत नाट्य मंदिरात एकांकिका स्पर्धेच्या करंडकासाठी उभं राहायचं म्हणून तीन वर्षं बॅकस्टेजला खिळे ठोकले होते आणि आमचं वर्ष आलं तेव्हा थिएटरला कुलूप. वय निघून गेलं, बॅच संपली, तो बोर्ड परत मिळाला नाही. फडातल्या पोरांपुढे आमचं दुःख काहीच नाही हे कळतं मला, आमच्या घरात डाळ-तांदूळ होते. पण ऑनलाइन तालमी करून करून आमच्यातला सगळ्यात चांगला नट आज बँकेत रिकव्हरीला आहे आणि त्या सगळ्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे तर लॅपटॉपवरच्या चौकोनांचे स्क्रीनशॉट.

म्हणून म्हणतो की कांद्याचा फोटो पण पाहिजे. नुसती तालीम आणि घुंगरं दाखवली तर लोक म्हणतील बघा पोरं किती जिद्दीची, सगळं छान चाललं होतं. कलाकार जिद्दीचा असतो म्हणून त्याला कशाचीच गरज नाही, हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. सोंगाड्या कांदा निवडत होता हे खरं आहे ना, मग ते दिसू दे.

ढोलकीवाल्याची_लेक

राग कसला. कांदा निवडण्यात लाज नाहीच, माझी आई पण निवडायची. पण त्या फोटोकडे बघून बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा सोंगाड्या आहे. नुसता कांद्यात बसलेला पोरगा असेल तर तो कोणीही आहे, मग फड कुठे आला त्यात?

जुनाफिल्मवाला

बरोबर बोललीस बाई. फोटो एकटा लावला की त्याचा अर्थ भिंत ठरवते. जोडी लावा. आणि खाली ओळ लिहाल ती पोरांकडून लिहून घ्या, त्यांच्या बोलीत, शुद्ध करू नका. गाव, काम, फडात काय करतो, किती वर्षं, एवढं आलं की माणूस कोणीही राहत नाही. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, पी. साईनाथांनी २०१४ ला सुरू केलेलं, मराठीत पण आहे, तिथे माणसाचं नाव-गाव-काम कसं सांगतात ते बघा. अर्थात ज्याला नाव नकोय त्याचं घालायचं नाही, तो हक्क त्याचा.

शटर_जुन्नर

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचं मनापासून वाचलं, ताईंचं तर कितीतरी वेळा.

चौसष्ट प्रिंट काढले आणि परवा गेलो. हंगाम चालू आहे, फड एका यात्रेला उतरला होता, दुपारी अडीच-तीनची वेळ, रात्रीचा खेळ असल्यामुळे निम्मे झोपलेले. बोर्डाच्या फळ्या नुकत्याच टाकल्या होत्या, त्यावरच सगळे फोटो मांडले. वारं होतं म्हणून कडेला झांजा ठेवल्या. बघता बघता सगळा फड गोळा झाला, स्वयंपाकवाला, ड्रायव्हर, मालक, सगळे. मला वाटलं होतं मी विचारेन आणि ते सांगतील, पण मला बोलायची वेळच आली नाही, त्यांनीच उचलाउचली करून ढीग केले. कोणी सांगितलं नव्हतं. एका ढिगाला म्हणाले हे लाव, एका ढिगाला म्हणाले हे आम्हाला दे पण लावू नको, आणि सहा-सात फोटो मालकांच्या बायकोने उलटे करून ठेवले आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यात ट्रकखाली झोपलेला होता. तो मी डिस्कवरून पण काढून टाकणार आहे.

सोंगाड्याने कांद्याचा फोटो स्वतःच उचलला. लाव म्हणाला. पण मग ढिगातून दुसरा शोधत बसला, दहा मिनिटं तरी, आणि पहिल्या खेळातला बतावणीतला, म्हणजे विनोदी संवादातला, काढला, तोच काळ्या पट्ट्यांचा, आणि दोन्ही हातांत शेजारी शेजारी धरून मला दाखवले. तेव्हा मला दिसलं, इतकी वर्षं माझ्याकडे असून मला दिसलं नव्हतं, कांद्याच्या फोटोत तो शेजारच्या बाईला काहीतरी सांगतोय आणि त्याची मान अगदी तशीच वाकडी आहे जशी बोर्डावर असते. भुवई पण तशीच वर. शेजारची बाई तोंडावर पदर घेऊन हसतेय. मी एवढे दिवस तो दुःखाचा फोटो म्हणून ठेवला होता.

लाइटमन भाऊ, तो पट्ट्यांचा फोटो हिरव्या चॅनलवरून केला, पट्टे राहिलेत पण चेहरा आला.

त्या पोरीशी फोनवर बोललो, दुसरीने लावून दिला. पेटीवाला नको म्हणाली, लगेच, मी वाक्य पूर्ण करायच्या आत. मग थोडं थांबून म्हणाली शेडमधला पायांचा आहे का तुझ्याकडे? आहे. शेणाने सारवलेली जमीन, दोन पायांत घुंगरं, बाजूला विटेला टेकवून ठेवलेला मोबाईल. म्हणाली तो लाव, नाव नको घालू, पण कोणी ओळखलं घुंगरांवरून तर ओळखू दे, ती माझ्या आईची आहेत. तिला तो प्रिंट हवाय, मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवलाय.

ढोलकीवाल्याला हातांचे अकरा फोटो दिले. त्याने एकेक करून बघितले, एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला इथे कडी सैल आहे, त्या दिवशी पाऊस होता. होता खरंच, तारीख बघितली मी नंतर. ताई, तुमच्या वडिलांचं सांगितलं त्याला. तुमच्या भागात यात्रेला येणार आहेत ते, तेव्हा भेटायला येतो म्हणालाय, तुमची हरकत नसेल तर मला मेसेज करा.

पुण्याच्या ग्रुपला फडाने निवडलेले अठरा पाठवले, जोड्यांसकट, आणि तेच आणि त्याच क्रमाने लावायचे असं कळवलं. अजून उत्तर नाही. नाही आलं तर नाही. मालक म्हणतायत पुढच्या पाडव्याला राहुटीच्या बाहेर दोरी बांधून लाव, कमिटीवाले सुपारी ठरवायला येतील ते बघतील, आणि ते पोरांना जास्त आवडलंय.

तर आता साधा प्रश्न. बारा बाय अठराचे प्रिंट, दिवसभर एप्रिलचं ऊन, वारं आणि रस्त्याची धूळ. लॅबचा मॅट प्रिंट घेऊन लॅमिनेट करू की सरळ फ्लेक्सवर मारू? फ्लेक्सवर काळे रंग राखाडी दिसतात आणि घुंगरांचा फोटो सगळा काळ्यातच आहे. कोणी उघड्यावर लावलंय का आधी?